दोघांमधली पायरी

गुलजार यांचा 'कोशिश' मराठी घरांतून अनेकांनी पाहिलेला आहे. १९७२ सालचा सिनेमा. संजीव कुमार आणि जया भादुरी, दोघेही मूकबधिर. त्यांचे लग्न, पहिल्या मुलाचे जाणे, दुसऱ्याला ऐकू येते की नाही या शंकेने टांगणीला लागलेला जीव. या सिनेमाचे मूळ जपानी आहे, हे मात्र फार जणांना ठाऊक नसते. झेन्झो मात्सुयामा या दिग्दर्शकाचा पहिलाच चित्रपट १९६१ मध्ये जपानमध्ये प्रदर्शित झाला. 'नाव नाही, पैसा नाही, तरीही सुंदर' असा त्याच्या नावाचा अर्थ. हिदेको ताकामिने आणि केइजु कोबायाशी यांनी त्यात युद्धानंतरच्या टोकियोत कसाबसा संसार उभा करणारे बधिर जोडपे रंगवले. त्यातला एक प्रसंग जपानी प्रेक्षक आजही सांगतात. सगळ्याला कंटाळून घर सोडून निघालेली बायको आगगाडीच्या एका डब्यात, तिच्यामागे धावत आलेला नवरा शेजारच्या डब्यात. मध्ये गर्दी आणि बंद काचा. दोघे काचेतून हातांनी बोलतात. रडतात, समजावतात, भांडतात. डब्यातल्या कुणालाही काही कळत नाही.

ज्या देशात हा चित्रपट तयार झाला, त्या देशात तेव्हा कोणता कायदा होता हे समजून घेतल्याशिवाय पुढच्या साठ वर्षांच्या जपानी प्रेमकथा नीट वाचता येणार नाहीत असे मला वाटते. १९४८ साली जपानच्या संसदेने सुप्रजनन संरक्षण कायदा एकमताने संमत केला. 'निकृष्ट' संतती जन्माला येऊ नये हा त्याचा उघड लिहिलेला हेतू होता. मनोरुग्ण, मतिमंद ठरवलेल्या व्यक्ती, आनुवंशिक म्हटलेले आजार असणारे, असे अनेक त्याच्या यादीत होते. त्या यादीत आनुवंशिक बहिरेपणही होते. १९९६ पर्यंत हा कायदा लागू राहिला. त्याखाली सुमारे २५ हजार माणसांची नसबंदी झाली आणि त्यांतल्या सुमारे १६,५०० जणांची संमतीच घेतलेली नव्हती. शरीराला बांधून ठेवणे, भूल देणे, फसवणे यालाही सरकारी परिपत्रकाने मुभा दिली होती. संसदेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात सर्वांत लहान बळींचे वय ९ वर्षे नोंदलेले आहे.

तेव्हा १९६१ च्या त्या चित्रपटात बधिर नवरा-बायको मूल वाढवतात, ही गोष्ट डोळ्यांत पाणी आणण्यापुरती नव्हती. तसे घर असूच नये असे सरकार म्हणत होते.

आता मांगाकडे येऊ. जपानी चित्रकथांची ही दुनिया वाचकांचे वय, लिंग, आवड यांनुसार मासिकांत वाटलेली असते. मुलांची मासिके वेगळी, मुलींची वेगळी, नोकरी करणाऱ्या तिशीतल्या स्त्रियांची वेगळी. जाडजूड, स्वस्त कागदावर छापलेल्या अंकांत प्रकरणे येतात आणि नंतर त्यांचे खंड निघतात. जुन्को कारुबे यांची 'तुझे हात कुजबुजतात' अशा अर्थाच्या नावाची मालिका नव्वदच्या दशकात कोदान्शा या प्रकाशनाच्या 'मिमी' मासिकातून आली. मिएको ही कार्यालयात काम करणारी बधिर तरुणी. तिच्यासाठी सहकारी हातांची भाषा शिकतो, घरच्यांचा विरोध होतो, लग्न होते आणि मग मुलगी होते. मुलीला ऐकू येते. आई तिचे रडणे ऐकू शकत नाही. इथून पुढे कथा आईपणाची होते. या मालिकेला १९९५ चा कोदान्शा मांगा पुरस्कार मिळाला आणि दोन वर्षांनी तिच्यावर दूरचित्रवाणी नाटक निघाले. पुरस्कार मिळाला त्या वर्षी सुप्रजनन कायदा अजून रद्द व्हायचा होता. बधिर आईची गोष्ट देशभरच्या मुली अंकामागून अंक वाचत होत्या, आणि बधिर बाईने आई होऊ नये म्हणून शस्त्रक्रिया करण्याची तरतूद कायद्याच्या पुस्तकात तशीच पडून होती. मला या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्याखेरीज राहवत नाही.

त्याच सुमारास जपानी दूरचित्रवाणीवर अपंग प्रेमिकांची लाट आली. १९९५ मध्येच बधिर चित्रकार आणि होतकरू अभिनेत्री यांची मालिका गाजली. २००० साली 'ब्युटिफुल लाइफ' आली. व्हीलचेअर वापरणारी ग्रंथपाल आणि केशरचनाकार. ताकुया किमुरा हा त्या काळचा सर्वांत लोकप्रिय नट त्यात होता आणि शेवटच्या भागाची प्रेक्षकसंख्या ४१ टक्क्यांवर गेली. या मालिकेने जपानी घराघरांत रॅम्प, पायऱ्या, गाडीत चढणे-उतरणे या गोष्टी बोलण्यात आणल्या, हे तिचे मोठेच काम. पण शेवटी नायिका मरते. अपंग प्रेयसी किंवा प्रियकर जिवंत राहिला तर पुढचे सकाळ-संध्याकाळचे आयुष्य दाखवावे लागते. मृत्यू आला की रडून मोकळे होता येते.

हे रडणे कुणासाठी असते, हा प्रश्न जपानमधल्या अपंगांनी स्वतःच जाहीरपणे विचारला. निप्पोन टेलिव्हिजन १९७८ पासून दर उन्हाळ्यात चोवीस तासांचा मदतनिधी कार्यक्रम करते. त्यात अपंग मुले डोंगर चढतात, पोहतात आणि सूत्रसंचालक डोळे पुसतात. २०१६ च्या ऑगस्टमध्ये हा कार्यक्रम चालू असतानाच सार्वजनिक वाहिनी एनएचकेवर 'बारिबारा' या अपंगांच्या कार्यक्रमाने त्याच वेळी थेट प्रक्षेपण केले. विषय होता, धडधाकट माणसांना प्रेरणा मिळावी म्हणून अपंगांचा होणारा वापर. ऑस्ट्रेलियातल्या स्टेला यंग या व्हीलचेअरवर बसणाऱ्या पत्रकार-विनोदकार बाईने जे आधी परखडपणे मांडले होते, त्याचा आधार त्यांनी घेतला. त्याच्या महिनाभर आधी, २६ जुलैला, सागामिहारा इथल्या अपंगांच्या निवासी संस्थेत तिथल्याच एका माजी कर्मचाऱ्याने १९ जणांना भोसकून मारले होते. अशा माणसांनी जगून उपयोग नाही, असे तो म्हणत होता. अश्रू ढाळणारा कार्यक्रम आणि हे हत्याकांड यांच्यामधल्या जागेत अपंग माणूस प्रत्यक्षात कसा जगतो, कुणावर प्रेम करतो, कुणाशी भांडतो, हे कुणीतरी सांगायला हवे होते.

माझ्या मते ते सर्वांत नेटाने सांगितले रिए आरुगा यांनी. त्यांची 'परफेक्ट वर्ल्ड' ही मालिका २०१४ ते २०२१ या काळात 'किस' या प्रौढ स्त्रियांच्या मासिकात चालली, १२ खंड झाले, २०१९ मध्ये तिलाही कोदान्शा पुरस्कार मिळाला. चित्रपट निघाला, दूरचित्रवाणी मालिकाही निघाली. कथा वरकरणी साधी. त्सुगुमी कावाना ही सव्वीस वर्षांची तरुणी अंतर्गत सजावटीच्या कंपनीत काम करते. एका व्यावसायिक मेजवानीत तिला शाळेतले पहिले प्रेम भेटते, इत्सुकी आयुकावा. तो आता वास्तुविशारद आहे. विद्यार्थी असताना झालेल्या अपघातात त्याचा मज्जारज्जू दुखावला आणि तो व्हीलचेअर वापरतो. प्रेमाचा विषय आपल्यापुरता संपला, असे त्याने स्वतःशी ठरवून टाकलेले आहे.

नायक वास्तुविशारद असणे ही आरुगा यांची सर्वांत हुशार निवड. पायरी, दाराची रुंदी, ओट्याची उंची, संडासातल्या दांड्याची जागा या गोष्टी त्याच्या व्यवसायाच्या आहेत, त्याच्या शरीराच्या आहेत आणि म्हणून प्रेमाच्याही. जेवायला कुठे जायचे हे ठरवताना आधी प्रवेशद्वाराला पायरी आहे का, हे पाहावे लागते. आगगाडीने जायचे तर फलाट आणि डबा यांच्यामध्ये फळी टाकायला स्थानकाचा कर्मचारी यावा लागतो, तो उतरायच्या स्थानकाला कळवतो, तिथे दुसरा कर्मचारी फळी घेऊन उभा राहतो. जपानमध्ये ही व्यवस्था चांगली चालते. पण तिच्यामुळे आयत्या वेळी 'चल, पुढच्या स्टेशनवर उतरू या' असे म्हणता येत नाही. प्रेमात पडलेल्या माणसांना तेवढेच तर हवे असते.

आणि मग शरीर. मज्जारज्जू तुटला की पाय चालत नाहीत, एवढेच बहुतेकांना माहीत असते. दुखापतीखालच्या भागात संवेदना नसते, म्हणून एका जागी बसून कातडी दबली तरी दुखत नाही आणि जखम हाडापर्यंत जाते. तिला बेडसोअर म्हणतात आणि ती बरी व्हायला महिने लागतात. ती होऊ नये म्हणून दिवसभर ठरावीक वेळाने हातांवर जोर देऊन स्वतःला खुर्चीवरून उचलावे लागते. लघवी-शौचावरचा ताबा जातो, कॅथेटर वापरावा लागतो, मूत्रमार्गाचा संसर्ग पुन्हा पुन्हा होतो. दुखापतीखाली घाम येत नाही, म्हणून उन्हाळ्यात अंग तापते. शिवाय जिथे काहीच जाणवत नाही, तिथेच रात्री असह्य वेदना उठतात. हे सगळे 'परफेक्ट वर्ल्ड'मध्ये आहे. प्रेमकथेच्या मासिकात, फुलांच्या आणि चमकत्या डोळ्यांच्या चित्रांच्या सोबत. कथा फार पुढे सरकण्याआधीच नायकाचे कपडे ओले होतात आणि नायिकेला ते दिसते. मुलींच्या मांगातला राजबिंडा नायक आणि हा प्रसंग एकाच पानावर आणायला धैर्य लागते.

पण मला या मालिकेत सर्वांत महत्त्वाची वाटते ती त्सुगुमीची चूक. ती प्रेमात पडते आणि ठरवते की याचे सगळे मी करीन. नोकरी सांभाळून त्याची शुश्रूषा शिकते, त्याच्या घरी धावते, थकते, कुणाला सांगत नाही. एके दिवशी त्या थकव्यात ती स्थानकाच्या फलाटावरून रुळांवर पडते. इत्सुकी समोरच असून तिला वाचवायला खाली उतरू शकत नाही. यानंतर तो तिच्यापासून दूर होतो. तिचे वडीलही तसेच सांगतात. मुलीच्या सुखासाठी बाजूला हो, अशी एका बापाची विनवणी. त्यात तो बाप दुष्ट नाही, हे आरुगा यांनी फार जपून लिहिले आहे.

आपल्याकडची कथा इथे त्यागाचे कौतुक करून थांबली असती. 'परफेक्ट वर्ल्ड' तसे करत नाही. त्सुगुमीचा त्याग हीच दोघांच्या मधली अडचण आहे, असे ती दाखवते. तिथे दुसरी एक बाई आहे, नागासावा. सरकारी व्यवस्थेतून इत्सुकीकडे येणारी मदतनीस. तिला हे काम येते, त्याचे शरीर कळते आणि तिचेही त्याच्यावर प्रेम आहे. तिच्या तोंडून कथेतला अवघड प्रश्न येतो. काळजी घेता येणे आणि प्रेम करणे यांत कुणाचा हक्क मोठा? याचे उत्तर कथा घाईने देत नाही. पुढे दोघे पुन्हा एकत्र येतात, तेव्हा बाहेरची मदत घेणे, ती मागायला न लाजणे, हे त्यांच्या संसाराचे अंग झालेले असते. बायको म्हणजे परिचारिका नव्हे. भारतात मज्जारज्जूला दुखापत झालेल्या कितीतरी नवऱ्यांच्या बायका रात्रंदिवस हेच काम करतात आणि त्याला प्रेम म्हणायचे की सक्ती, हे विचारायलाही त्यांना फुरसत नसते. ही मालिका वाचताना मला सारखी त्यांची आठवण होत होती.

लग्नानंतर मुलाचा प्रश्न येतो. तोही आरुगा टाळत नाहीत. लैंगिक जीवनाबद्दल त्या संयमाने लिहितात, कधी जरा जास्तच संयमाने. पण विषय दाराबाहेर ठेवत नाहीत.

व्हीलचेअर चित्रात दिसते. बहिरेपण दिसत नाही, आणि मांगा हे तर मुके माध्यम. त्यात सगळेच संवाद फुग्यांतून वाचायचे. मग ऐकू न येणे कसे काढायचे? हा प्रश्न योशितोकी ओइमा यांनी 'ए सायलेंट व्हॉइस'मध्ये फार कल्पकतेने सोडवला. ही मालिका २०१३ आणि २०१४ मध्ये 'वीकली शोनेन मॅगझिन' या मुलांच्या साप्ताहिकात आली, सात खंडांत पुरी झाली. तिचा जन्म मात्र अडखळत झाला. ओइमा विशीच्या आतल्या होत्या तेव्हा, २००८ मध्ये, तिच्या मूळ लघुरूपाला नवोदितांचा पुरस्कार मिळाला. पण बधिर मुलीचा वर्गात छळ होतो हा विषय छापायला मासिक घाबरले. वकिलांचा सल्ला घेतला गेला, जपानच्या बधिर महासंघाशी चर्चा झाली आणि २०११ मध्ये ती एका भगिनी मासिकात छापली गेली. ओइमा यांची आई सांकेतिक भाषेची दुभाषी आहे. कथेतले हातांचे आकार त्यामुळेच इतके खरे उतरले असावेत.

शोको निशिमिया सहावीत नव्या शाळेत येते. शोया इशिदा तिची चेष्टा करतो, श्रवणयंत्रे खेचून फेकतो. पाच महिन्यांत आठ यंत्रे मोडतात आणि त्यांची किंमत १७ लाख येन होते. शोयाची आई ती रक्कम रोख आणून शोकोच्या आईच्या हातात ठेवते. पुढे सगळा वर्ग शोयावर उलटतो, तो एकटा पडतो. माध्यमिक शाळेच्या शेवटी तो सांकेतिक भाषा शिकून शोकोला शोधत येतो. इथून त्यांच्यात जे उगवते त्याला प्रेम म्हणायचे की प्रायश्चित्त, हे ओइमा शेवटपर्यंत मोकळे ठेवतात. एका प्रसंगी शोको त्याला मनातले सांगायचे ठरवते. हात वापरायचे नाहीत, आवाजानेच सांगायचे, असा तिचा हट्ट. ती म्हणते. त्याला दुसराच शब्द ऐकू येतो आणि तो आकाशाकडे बघतो. ती पळून जाते. वाचक एकटाच जाणतो की काय झाले.

सहाव्या खंडात एक प्रकरण शोकोच्या बाजूने आहे. त्यात फुग्यांतली अक्षरे अर्धवट खोडलेली आहेत. रेघा आहेत, शब्द नाहीत. वाचक डोळे ताणून अंदाज करत राहतो आणि पाना-दोन पानांतच थकतो. शोको रोज काय करते, हे कुणी न सांगता कळते. क्योतो ॲनिमेशनसाठी नाओको यामादा यांनी २०१६ मध्ये केलेला चित्रपट सुंदर आहे, पण ही गोष्ट छापील पानावरच शक्य होती.

या मालिकेवर माझा एक आक्षेप आहे. शोको सतत माफी मागते. तिच्यामुळे इतरांना त्रास झाला असे तिला खरेच वाटते, इतके की ती जीव द्यायला निघते. ओइमा यांना हा तिचा जखमी स्वभाव दाखवायचा आहे, हे मान्य. पण कथेचा आत्मा शोयाच्या सुधारण्यात आहे. त्याचे जग पुन्हा उघडते, लोकांचे चेहरे त्याला पुन्हा दिसू लागतात. शोको काय होऊ इच्छिते, हे आपल्याला फार थोडे कळते. छळ झालेल्या मुलीने छळणाऱ्याला माणूस करायचे, ही जबाबदारी तिच्यावर का?

सुऊ मोरिशिता या नावाने दोन स्त्रिया मिळून काम करतात, एक लिहिते, दुसरी चित्रे काढते. त्यांची 'अ साइन ऑफ अफेक्शन' ही मालिका २०१९ पासून 'डेझर्ट' मासिकात सुरू झाली आणि २०२४ च्या जानेवारीत तिचे ॲनिमेशन आले. युकी इतोसे ही जन्मापासून बधिर असलेली विद्यार्थिनी. एका आगगाडीत परदेशी प्रवासी तिला पत्ता विचारतो, ती गोंधळते आणि शेजारचा उंच मुलगा, इत्सुओमी, मदतीला येतो. इत्सुओमीला तीन भाषा येतात, तो जगभर भटकतो, आणि युकीची भाषा त्याच्यासाठी आणखी एक देश ठरते. युकी ओठांवरून जे वाचते ते इथे फिकट अक्षरांत छापलेले असते, अर्धे निसटल्यासारखे. तो तिच्याशी बोलताना खाली वाकतो, तोंड उजेडाकडे ठेवतो. हात अडकलेले असले की संभाषण थांबते, अंधार झाला की थांबते. हिमवर्षावात हातमोजे काढावे लागतात. प्रेमात पडताना हात धरावासा वाटतो आणि हात धरला की बोलता येत नाही. याहून नाजूक पेच प्रेमकथेला कुठे मिळणार?

तरीही युकी फार गोड आहे, फार लहान, फार निर्मळ. तिला अधूनमधून राग यावा, तिने एखादा वाईट निर्णय घ्यावा, असे वाटत राहते. तिचा बालपणीचा मित्र ओउशी सांकेतिक भाषा जाणतो, तिला जपतो, तिच्यावर ओरडतोही. त्याच्याशी भांडताना ती जास्त खरी वाटते.

युकी फुमिनो यांची 'आय हिअर द सनस्पॉट' ही दोन पुरुषांची गोष्ट २०१३ पासून सुरू झाली. तिच्यात प्रेम व्यवहारातून उगवते. कोहेइला शाळेत असताना ऐकू येणे कमी झाले. विद्यापीठात त्याला वर्गातल्या व्याख्यानांची टिपणे काढून देणारा कुणी हवा असतो. ताइचि हा कायम भुकेला, मोठ्या आवाजाचा मुलगा ते काम करतो, मोबदला म्हणून कोहेइच्या आईने केलेला डबा खातो. ऐकू आले नाही तर पुन्हा विचार, त्यात तुझा काय दोष, असे तो सहज बोलून जातो आणि कोहेइचे आयुष्य त्या सहजपणावर अडून राहते. पुढे ताइचि शिक्षण सोडून कमी ऐकू येणाऱ्यांसाठी काम करणाऱ्या कंपनीत जातो. कोहेइ पूर्ण बधिर नाही आणि ऐकणाराही नाही. सांकेतिक भाषा बोलणाऱ्यांत तो परका, ऐकणाऱ्यांत तर परकाच. त्यातून उरलेली श्रवणशक्ती हळूहळू जात आहे. आज ज्याचा आवाज आवडतो, तो उद्या ऐकू येणार नाही, हे माहीत असताना त्याच्या जवळ जायचे की लांब राहायचे? कोहेइ लांब राहून पाहतो. मला ही मालिका सगळ्यांत जवळची वाटते, कारण इथे कुणी कुणाला वाचवत नाही.

हलक्याफुलक्या रीतीने हेच उओयामा यांनी 'यँकी-कुन आणि पांढरी काठी' अशा अर्थाच्या मालिकेत केले. तिचा बराच भाग चार चौकटींच्या विनोदी पट्ट्यांचा आहे. २०१८ मध्ये ती आली आणि २०२१ मध्ये तिच्यावर दूरचित्रवाणी मालिका निघाली. युकिको अंधशाळेत शिकते, तिची दृष्टी फार अल्प. मोरिओ गल्लीतला गुंड, चेहऱ्यावर मोठा व्रण, लोक त्याला पाहून रस्ता बदलतात. तो रस्त्यावरच्या पिवळ्या फरशांवर उभा असतो आणि तिची वाट अडते. तिला त्याचा चेहरा धड दिसत नाही, म्हणून ती घाबरत नाही, उलट त्याला झाडते. तो तिथेच प्रेमात पडतो. पुढे कथा नोकरी शोधण्यापर्यंत जाते, आणि दोघांनाही समाज आत घेत नाही तो वेगवेगळ्या कारणांनी, हे हसत हसत समोर येते.

त्या पिवळ्या फरशांचीही गोष्ट सांगायला हवी. त्या सेइइची मियाके या गृहस्थांनी शोधल्या आणि पहिल्यांदा १८ मार्च १९६७ रोजी ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर बसवल्या. उभ्या पट्ट्या म्हणजे पुढे चला, गोल ठिपके म्हणजे थांबा. पुण्या-मुंबईच्या मेट्रो स्थानकांत आपण रोज ज्यांच्यावर उभे राहतो, त्या याच. त्यांच्यावर उभे राहू नये, एवढे तरी या मांगाच्या पहिल्या प्रकरणातून शिकता येते.

आता जे खटकते ते. या सगळ्या कथांत जोडी कशी आहे पाहा. एक अपंग, एक अव्यंग. १९६१ च्या चित्रपटात दोघेही बधिर होते, 'कोशिश'मध्येही दोघेही. पुढच्या गाजलेल्या मांगांत मात्र वाचकाला आत न्यायला एक धडधाकट माणूस लागतोच. 'मला जमेल का?' हा त्याचा प्रश्न कथेचा कणा होतो. महाराष्ट्र शासनाची विवाह प्रोत्साहन योजना २०१४ साली सुरू झाली तेव्हा तिचीही रचना अशीच होती. अव्यंग व्यक्तीने अपंग व्यक्तीशी लग्न केले तर ५० हजार रुपये. दोन अपंगांनी एकमेकांशी लग्न केले तर त्यात कौतुक करण्यासारखे काय, असेच त्यामागे गृहीत होते.

शिवाय कोणते अपंगत्व प्रेमकथेत येते, तेही पाहावे. बहिरेपण, अंधत्व, व्हीलचेअर. चेहरा देखणा राहतो, बोलणे समजते किंवा न बोलणे गूढ वाटते. ताकेहिको इनोउए यांची 'रिअल' ही १९९९ मध्ये सुरू झालेली व्हीलचेअर बास्केटबॉलची मालिका या बाबतीत जास्त निर्दय आणि जास्त प्रामाणिक आहे. तिच्यातला ताकाहाशी अपघाताआधी माणसांना श्रेणी देत असे. अपघातानंतर आपली श्रेणी कोणती, हा प्रश्न त्याला खातो. पण ज्यांचे तोंड बोलताना वाकडे होते, लाळ गळते, शब्द कळायला वेळ लागतो, त्या मेंदूच्या पक्षाघाताच्या (सेरेब्रल पाल्सी, म्हणजे सीपी) माणसांची प्रेमकथा मुख्य प्रवाहातल्या मांगात मला सापडत नाही. बौद्धिक अपंगत्व असलेल्या दोघांची तर दूरच. २०२२ च्या अखेरीस होक्काइदोत उघड झाले की एका निवासी संस्थेने, एकत्र राहू किंवा लग्न करू पाहणाऱ्या अशा जोडप्यांना, नसबंदीचा पर्याय सुचवला होता. कायदा रद्द होऊन तोवर २६ वर्षे झाली होती.

मेंदूच्या पक्षाघाताच्या माणसांनी जपानमध्ये फार आधीच आवाज उठवला होता. 'आओइ शिबा नो काइ' ही मेंदूच्या पक्षाघाताच्या लोकांची संघटना १९५७ ची. १९७० मध्ये योकोहामात एका आईने आपल्या अपंग मुलीचा जीव घेतला आणि शेजारीपाजारी तिच्या शिक्षेत सूट मिळावी म्हणून सह्या गोळा करू लागले. तेव्हा या लोकांनी विचारले, मग आमचा जीव कोणाचा? प्रेम आणि न्याय या नावाखाली आमच्यावर जे लादले जाते ते आम्हाला नको, असे त्यांनी आपल्या जाहीरनाम्यात लिहिले. आई मारते तीही प्रेमाने, संस्थेत कोंडले जाते तेही प्रेमाने, हे त्यांनी स्वतः पाहिले होते. त्सुगुमीच्या थकव्यापर्यंत पोहोचायला मांगाला त्यानंतर चार दशके लागली.

३ जुलै २०२४ रोजी जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने सुप्रजनन कायदा पहिल्या दिवसापासून घटनाबाह्य होता, असा निकाल दिला. वीस वर्षे उलटून गेली म्हणून भरपाई नाही, हे सरकारचे म्हणणे फेटाळले. दाद मागणाऱ्यांत वृद्ध बधिर जोडपीही होती. लग्नानंतर दिवस गेले तेव्हा गर्भपात आणि नसबंदी दोन्ही झाले, आणि काय होते आहे हेही नीट सांगितले गेले नाही, अशा त्यांच्या हकिकती. जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या भरपाई कायद्यात नसबंदी झालेल्या व्यक्तीला दीड कोटी येन आणि तिच्या जोडीदाराला ५० लाख येन आहेत. जोडीदाराचेही काहीतरी हिरावले गेले, हे सरकारने कागदावर मान्य केले.

मला कुणा चित्रकाराने काढावेसे वाटते ते एक घर १९७२ च्याच, म्हणजे 'कोशिश'च्याच वर्षीच्या, एका माहितीपटात आहे. काझुओ हारा यांचा 'निरोप, सीपी'. 'आओइ शिबा'चे कवी-कार्यकर्ते हिरोशी योकोता त्यात टोकियोच्या रस्त्यांवर गुडघ्यांवर चालतात. संघटनेचे सदस्य कॅमेऱ्यासमोर आपल्या पहिल्या लैंगिक अनुभवांबद्दल बोलतात, काही अनुभव ऐकवत नाहीत असे. आणि मग योकोतांचे छोटे घर येते. त्यांची बायकोही मेंदूच्या पक्षाघाताची, घरात मूल. ती या चित्रीकरणावर भयंकर चिडलेली आहे. नवरा रस्त्यावर असे गुडघ्यांवर फिरतो, लोक बघतात, हे तिला मंजूर नाही, आणि कॅमेरा आपल्या घरात आलेला तर मुळीच नाही. ती ओरडते. तो अडखळत उत्तर देतो. दोघांचेही शब्द तुटक, दोघांनाही एकमेकांचे सगळे समजते. तिने थांबायला सांगितले तरी चित्रीकरण चालू राहते. अशा बाईला नायिका करणारी, आणि तिच्या बाजूने काढलेली मालिका कुठल्या मासिकात सुरू झाली, तर तिचे पहिले प्रकरण मी त्याच दिवशी मागवीन.